पंख फुटेपर्यंत

आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकची बरणी पास करायची एक सोपी रीत आहे. झाकणाच्या आतून बोट फिरवायचं. बोट कुठं अडलं, जराशी खरखर लागली, की माल बाजूला. बोट घसरलं पाहिजे. अकरा वर्षं मी हेच करते आहे. त्यामुळं घरीसुद्धा माझं बोट स्वस्थ बसत नाही. ओट्यावर, ताटावर, खिडकीच्या चौकटीवर फिरतंच. आई याला माझा रोग म्हणते. शिवाय मी तोंडाची फटकळ. चूक दिसली की बोलल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात या बोटाचा आणि या तोंडाचा, दोघांचाही वाटा आहे.

कारखाना शिरूर तालुक्यात आणि माझं घर दौंड तालुक्यात, केडगाव स्टेशनजवळ. दोन खोल्या. मी एकटी राहते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्याबद्दल इथं काही लिहायचं नाही. कंपनीची बस चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्यानं जाते आणि मध्ये भीमेचा पूल लागतो. पुलावर आलं की मी नदीकडं बघते, कारण याच नदीच्या काठाला, थोडं खाली, आमचं गाव आहे, वडगाव रासाई. तिथं आई-वडील राहत होते. गेल्या श्रावणात वडील गेले आणि आई एकटी राहिली.

मला भाऊ नाही. शेत चुलते बघतात, पण त्यांचं घर वस्तीवर, चालत अर्ध्या तासाच्या वाटेवर. आईला बीपीचा त्रास. दोनदा चक्कर येऊन पडली होती, त्यातली एकदा चुलीपाशीच. मी म्हटलं, माझ्याकडं चल. ती म्हणाली, "लेकीच्या घरी ऱ्हायाचं? लोकं त्वांडात श्यान घालत्याल माझ्या." मी लोकांचा उद्धार केला. दहावं झालं, तेरावं झालं, तरी आई उंबऱ्यातून हलेना. बोलणंही तुटल्यासारखं झालं होतं तिचं. विचारलं तर व्हय, न्हाई, एवढंच. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर विचारायची नाही. माझी रजा संपत आली होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती.

शेवटी एका सकाळी मी तिला न विचारताच तिचं गाठोडं बांधलं आणि दाराला कुलूप घालायला गेले. कडीवर एक हिरवा किडा बसला होता. बोटाच्या पेराएवढा, काडीसारखा, पुढचे दोन पाय जोडलेले. मान वळवून तो माझ्याकडं बघत होता. शाळेच्या पुस्तकात याला प्रार्थनाकीटक म्हणतात. आमच्या घरात त्याला खंडोबाचं घोडं म्हणतात. आम्ही पूर्वीचे मेंढरं राखणारे. जेजुरीचा देव आमच्यात घरच्या माणसासारखा वावरतो, पाऊस लांबला तर त्यालाही आईची बोलणी खावी लागतात. मी किडा झटकायला हात उचलला तशी आई मागून ओरडली, कितीतरी दिवसांनी पहिल्यांदाच मोठ्यानं.

"हात लावू नगं! देवाचं घोडं हाय ते."

ती पुढं आली. बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मला न्ह्यायाला आलंय बघ. चल."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आई चालू लागली होती, आणि चालू लागलेल्या आईला थांबवून वाद घालण्याइतकी मी वेडी नव्हते. भाकरीच्या डब्यात घालून, झाकण किलकिलं ठेवून, आम्ही त्याला केडगावला आणलं.

आईनं गावाकडून भाकरीची बांबूची दुरडी आणली होती. ती तिनं ओट्याच्या कोपऱ्यात उपडी घातली, आत कढीपत्त्याची फांदी ठेवली, वरून माठावरचं ओलं फडकं टाकलं आणि किडा आत सोडला. माझ्या ओट्यावर! मी दोन दिवस कुरकुरले. तिसऱ्या दिवशी कामावरून आले तर आई दुरडीशी बोलत होती. "ही आता यील बघ. आली की पयल्यांदा बोट फिरवंल." मी दारातच उभी राहिले. मला हसूही आलं आणि रडूही आलं. आई बोलायला लागली होती.

त्याला जिवंत खाणं लागायचं. आई गुळाचा खडा खिडकीत ठेवायची आणि त्यावर बसलेली माशी मुठीत पकडायची. सत्तरीच्या बाईचा हात इतका चपळ असतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या नाकावर माशी बसत नाही आणि तिच्या मुठीतून सुटत नाही, असं मी म्हणाले तर ती पदर तोंडाला लावून हसली. दर रविवारी देवाला भंडारा वाहिला की ती उरलेली हळदीची चिमूट दुरडीवर टाकायची आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" पुटपुटायची. पिवळी पूड बांबूच्या फटींतून आत पडायची. घोडं मान वळवून बघायचं आणि पुढच्या पायावरची पूड तोंडानं साफ करायचं.

भाद्रपदात त्यानं पहिल्यांदा कात टाकली. मी कामावरून आले तर आई जिन्यातच उभी. "घोड्यानं झूल उतरवली गं!" दुरडीच्या आतून, बांबूच्या पट्टीला, किड्याची रिकामी कातडी उलटी लटकत होती, पाय, मान, डोळ्यांच्या जागा, सगळं जसंच्या तसं, फक्त आत कुणी नाही. शेजारी घोडं, मूळच्यापेक्षा मोठं, ओलसर, फिकट हिरवं. दसरा झाल्यावर पुन्हा एकदा तसंच झालं. तेव्हा मी घरी होते आणि सगळं पाहिलं. आधी दोन-तीन दिवस ते खात नाही. मग छताला पायांनी घट्ट धरून उलटं लटकतं. मानेमागं पाठ उकलते आणि अंग स्वतःच्याच वजनानं हळूहळू खाली सरकत बाहेर येतं. पाय एकेक करून निघतात, पायमोज्यातून निघावेत तसे. सगळा वेळ भार असतो तो छताला धरलेल्या त्या जुन्या कातडीवर. मोबाईलवर मी आणखी वाचलं: हवा कोरडी असली तर कात अंगाला चिकटते, मधेच पडलं तर वाकडं होतं आणि वाकडंच वाळतं. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाळंतपणच की."

त्या दुसऱ्या वेळेनंतर घोड्याच्या पाठीवर दोन फुगीर कळ्यांसारखं दिसायला लागलं. आई म्हणाली, "आता येकदाच. मंग पंख फुटत्याल." मी हो म्हणाले, तेही मी वाचलं होतं. पंख आले की पुन्हा कात टाकणं नाही, किडा पुरा वाढला.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंख फुटंस्तवर ऱ्हाते मी. मंग ह्याला नदीकडं सोडू आन् मी माझ्या घरी. लेकीचं किती दिवस खायाचं?"

मी उठून ओट्यावरून उगाचच बोट फिरवलं. तिला त्या घरी, त्या चुलीपाशी, एकटी पडलेली मी मनात अनेकदा पाहिली होती. आणि दुसरंही एक होतं, ते जरा अवघड जातं लिहायला. कामावरून आल्यावर घरात कुणीतरी बोलत असतं याची मला सवय लागली होती. माझं मोडलेलं घर त्या दोन-तीन महिन्यांत पहिल्यांदा घर वाटत होतं. त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी आल्याबरोबर चप्पल काढायच्या आधी दुरडी उचलून बघायची. कळ्या किती फुगल्या? खातंय ना अजून? आईला वाटायचं मला किड्याचा लळा लागला.

दिवाळीनंतर हवा कोरडी पडली. ओठ फुटायला लागले, पायांच्या टाचा चिरल्या. ओलावा मोजायचं एक लहान यंत्र आमच्याकडं गोदामात असतं; मी ते दोन दिवसांसाठी घरी आणलं आणि दुरडीजवळ ठेवलं. काटा खाली गेलेला. झालं, मला कारण मिळालं. कारखान्यातून मी एक मोठी पारदर्शक बरणी आणली. तळाला बारीक डाग म्हणून नापास झालेली, बाकी नवीकोरी. सुई तापवून बाजूंना भोकं पाडली, तळाला ओला कापूस घातला, फांदी ठेवली, वर झाकण लावलं. काटा लगेच वर चढला. मी खूश.

आई म्हणाली, "दुरडीत काय वंगाळ चाललं व्हतं त्याचं?"

"आई, तुला ह्यातलं कळत न्हाई."

"बरं," ती म्हणाली. आणि घोडं स्वतःच्या हातानं उचलून बरणीत ठेवलं.

मार्गशीर्ष लागला. आमच्याकडं खंडोबाचं सहा दिवसांचं नवरात्र असतं, चंपाषष्ठीला उठतं. आईनं माझ्या दोन खोल्यांत घट बसवला, दिवा लावला, उपास धरले. तिसऱ्या दिवसापासून घोड्यानं खाणं सोडलं. माशी समोर सोडली तरी ढुंकून बघेना. मला कळलं, वेळ आली. आईला वेगळंच कळलं. "बघ, उपास धरलाय त्यानं बी. मुकं जितराब, पर देवाचं हाय." ती इतक्या कौतुकानं म्हणाली की मला तिला दुरुस्त करवेना. मी माशा बरणीतून काढून टाकल्या, कापूस पुन्हा भिजवला आणि मनात मोजायला लागले: दोन दिवस, फार तर तीन. त्यानंतर आई गाठोडं बांधणार.

चंपाषष्ठीला मी रजा टाकली. नैवेद्याला भरीत-रोडगा लागतो. सकाळी नऊच्या सुमाराला मी वांगी आणि कांद्याची पात आणायला बाजारात निघाले. घोडं झाकणाला आतून उलटं लटकलं होतं. मी निघताना दारातून म्हणाले, "बरणीला हात लावू नगं." आई रोडग्याचं पीठ मळत होती, तिनं मान हलवली.

बाजारात गर्दी होती. तासाभरानं आले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, समोर उघडी बरणी आणि तिच्या तळहातावर घोडं. अर्धं कातीतून बाहेर, अर्धं आत. पुढचे दोन पाय जुन्या कातडीत अडकून उलटे पिळलेले. पाठीवर पंख ओले, घड्या न उलगडलेले. आणि अंगावर, मानेवर, पोटावर पिवळं. भंडारा.

हातातली पिशवी मी जमिनीवर आपटली. "मारलंस ना? तुझ्या भंडाऱ्यानं मारलंस त्याला! हात लावू नगं म्हणून सांगून गेले व्हते का न्हाई? काय कळत न्हाई तर गप बसायला काय व्हतं तुला?"

मी आणखीही बोलले. सगळं आठवतं, पण लिहवत नाही. तिच्या देवाबद्दलही बोलले, सणाच्या दिवशी, घटासमोर.

आई एवढंच म्हणाली, "भंडारा टाकला आन् तवाच पडलं गं."

मग आम्ही दोघी खाली बसलो. आईनं न सांगता निरांजनाच्या फुलवाती आणल्या, कोमट पाण्यात भिजवून एकेक माझ्या हातात देऊ लागली. मी ओली वात कातडीवर टेकवायची, ती भिजली की चिमट्यानं तसूतसू ओढायची. मागचे पाय सुटले. मधले सुटले. पुढचा उजवा सुटला, पण कोपरात वाकडा. डावा सुटलाच नाही, कातडीसकट वाळला. पंख उलगडतील म्हणून आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मुठीत चुरगळून टाकलेल्या पानासारखे ते तसेच वाळले.

"पुना येकदा झूल टाकंल का?" आईनं विचारलं. "मंग नीट हुईल?"

आधीच्या कातीला असं झालं असतं तर पुढच्या कातीला पाय सुधारला असता कदाचित, असं मी वाचलं होतं. पण ही शेवटची होती. मी म्हणाले, "न्हाई."

नैवेद्य उशिरा दाखवला. आईनं दिवा लावला, ताट ठेवलं, हात जोडले. भंडाऱ्याच्या डबीला हात लावला नाही. तिचं कपाळ मी जन्मात पहिल्यांदा कोरं पाहिलं. वडील गेले त्या दिवशीसुद्धा कुंकवाच्या जागी तिथं हळद होती. मला वाटलं, आजच्या दिवस राग असेल.

दुसऱ्या दिवशी आईनं बरणी माळ्यावर टाकली, दुरडी उपडी घातली, ओलं फडकं टाकलं आणि घोडं आत ठेवलं. त्याला आता काही पकडता येत नव्हतं. आई माशी मारून दोन बोटांत धरायची आणि त्याच्या तोंडापाशी न्यायची. ते खायचं, सावकाश, अर्धं सांडत. पाणी फुलवातीनं. दिवसातून तीन वेळा, लहान मुलाचं करावं तसं. आणि गावी जायचं नाव तिनं काढलं नाही. "ह्याचं कोण करंल?" एवढंच एकदा म्हणाली.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आई राहिली होती. पहिले काही दिवस मला खरंच बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं लक्षात आलं तेव्हा स्वतःची किळस आली. कारण घरातलं बोलणं थांबलं होतं. ती किड्याशीही बोलत नव्हती, नुसती भरवायची. रविवार आला, दुसरा आला. आई देव पुसायची, फूल वाहायची, पण डबी उघडायची नाही. एक दिवस भाजी फोडणीला टाकताना हाक मारून म्हणाली, "हळद तेवढी तू घाल." मी घातली. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला कळलं, ती पिवळ्याला हातच लावत नव्हती. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला अजून वाटत होतं की माझं काही चुकलेलं नाही, फार तर आवाज चढला.

पौषात एका सकाळी घोडं फांदीखाली पडलेलं होतं. आईनं ते कढीपत्त्याच्या कुंडीत पुरलं आणि हात धुतले. दुरडी तिनं उचलली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात ती उपडीच राहिली.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात एक तक्रार आली, एका गिऱ्हाईकाकडं झाकणं तडकली म्हणून. अशा वेळी आमच्याकडं एक कागद भरायचा असतो. काय झालं ते वर लिहायचं आणि खाली पाच वेळा 'का' विचारायचं. आमचे जुने सुपरवायझर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी मला हे शिकवलं. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच 'का'ला एका कामगाराचं नाव लिहून कागद पुढं सरकवला होता. मामांनी तो परत केला. म्हणाले, "पयल्या 'का'ला नेहमी माणूसच सापडतो, ताई. तिथं थांबलं की आपण सुटलो. फुडं विचारा." तेव्हापासून मी दुसऱ्यांचे कागद याच वाक्यानं परत करत आले आहे.

झाकणांचा कागद भरता भरता माझं पेन थांबलं.

घोडं पडलं. का? आईनं भंडारा टाकला. इथं मी थांबले होते. पण दुरडीवर तर ती दर रविवारी भंडारा टाकायची, फटींतून आत अंगावर पडायचा, आणि घोड्यानं दोनदा सुखरूप कात टाकली होती. मग या वेळी का? कारण ते झाकणावरून सुटलं. का सुटलं? मी टेबलावरचं झाकण उचललं आणि सवयीनं आतून बोट फिरवलं. बोट घसरलं. छान घसरलं. बांबूची खरखरीत पट्टी काढून मी त्या जीवाला लटकायला हे दिलं होतं, सगळ्या भारानिशी. मग बरणी का आणली? ओलाव्यासाठी, मी स्वतःला सांगितलं. पण ओलावा तर आईच्या ओल्या फडक्यात होताच, फडकं दिवसातून दोनदा भिजवलं असतं तर भागलं असतं. यंत्र दोन दिवस ठेवलं आणि कारण मिळाल्यासारखं मी धावले. मला बरणी हवी होती कारण आतलं दिसत होतं. आणि दिसायला हवं होतं, कारण पंख कधी फुटतात याची मला धास्ती होती. पाचवं 'का' मी कागदावर लिहू शकले नाही. आई जाईल म्हणून.

घरी येऊन मी माळ्यावरची बरणी खाली काढली. आई खाली अंगणात होती. झाकणाच्या वरच्या कडेच्या खाचेत भंडारा अजून तसाच होता, सुकलेला. आतल्या बाजूला एक कण नव्हता. तिनं भंडारा बंद झाकणावर वाहिला होता. बरणीला हात न लावता, मी सांगितलं होतं तसंच. अंगावरची हळद नंतरची होती; पडलेलं घोडं उचलताना तिच्या बोटांची लागलेली. मी ते पिवळं पाहिलं आणि पुढचं काही पाहिलं नाही.

मी तिला आत बोलावून बसवलं आणि सगळं सांगितलं. झाकण दाखवलं. तिचं बोट धरून आतून फिरवलं, मग दुरडीच्या पट्टीवरून फिरवलं. म्हणाले, "तुझ्या भंडाऱ्यानं काय झालं न्हाई आई. माझ्यामुळं झालं. मी बरणी आणली, म्हणून ते निसटलं. आन् मी बरणी आणली कारण..." मी झाकण खाली ठेवलं आणि तेही सांगितलं.

आई ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती, आजारी माणसाचं बोलणं ऐकावं तशी. माझं झाल्यावर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"ल्हानपणापासून तू कुणाचं मन राखाया कवा खोटं बोलली न्हाईस," ती म्हणाली. "मला घोर लागायचा, हिचं कसं व्हायाचं म्हणून. आता माझ्यासाठी बोलाया लागलीस. बरं झालं."

मी किती सांगितलं! शपथ घातली. झाकण पुन्हा दाखवलं. ती "व्हय गं, व्हय" म्हणत राहिली. मी ज्या वेळी ओरडले त्या वेळी तिनं माझा शब्दन् शब्द खरा मानला होता. आता जे खरं सांगत होते ते तिला माझं समजूत घालणं वाटत होतं, आणि त्यासाठी ती मला जवळ घेत होती.

आई अजून माझ्याकडंच आहे. बोलते, पूर्वीसारखी नाही, पण बोलते. गावी जायचं म्हणत नाही, आणि मी विचारत नाही. माझी भीती अशी आहे की ती आवडून राहिलेली नाही, शिक्षा म्हणून राहिली आहे.

गेल्या रविवारी मी अंघोळ करून देवापुढं बसले. मी कधी बसत नाही. भंडाऱ्याची डबी उघडली, माझ्या कपाळाला लावला आणि चिमूट घेऊन आईकडं वळले. ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्या बोटांकडं बघत राहिली.

"थांब," ती म्हणाली.

गुडघ्यावर हात ठेवून उठली, ओट्यापाशी गेली, दुरडीवरचं फडकं चारी बाजूंनी नीट खाली ओढून घेतलं, कुठं फट राहिली नाही ना ते बघितलं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि कपाळ पुढं केलं.

दुरडी रिकामी होती.